घोड्यांसह विदर्भात राहायला येताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्या-मुंबईतून, हैदराबादेतून, खुद्द नागपुरातूनही एकच चौकशी वर्षभर येत असते. शहर सोडायचं आहे, एक-दोन घोडे आहेत किंवा घ्यायचे आहेत, विदर्भात कुठे जावं? त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेक जण आधी जागा पसंत करतात आणि मग घोडा तिथे कसा राहील ते विचारतात. इथला क्रम मुद्दाम उलटा आहे.

१. मे महिन्यात पंचेचाळीस अंश तापणाऱ्या भागात घोडा सुखानं राहतो का?

राहतो. घोड्याचं शरीर घामानं थंड होतं आणि कोरड्या हवेत घाम झटकन उडतो. त्यामुळे सावली, वारा आणि भरपूर पाणी असेल तर अकोल्याचा कोरडा उन्हाळा घोडा काढतो. उलट गडचिरोलीत सप्टेंबरच्या दमट दिवसात पारा दहा अंशांनी खाली असूनही कामाचा घोडा धापा टाकताना दिसेल. मारवाडी आणि काठेवाडी घोडे मुळात कोरड्या मुलखातले, त्यांना इथलं हवामान मानवतं. शर्यतीच्या थरोब्रेडला जास्त जपावं लागतं.

मार्च ते जून रपेट पहाटेच, उन्हं वर येण्याआधी संपलेली. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, तर खोगीर बाहेर काढूच नका. एखाद्या घोड्याला उकाड्यात घाम येणंच थांबलं, कातडी कोरडी आणि श्वास जोरात, तर त्याला ताबडतोब पाण्यानं भिजवायचं आणि डॉक्टर बोलवायचा. ही वाट बघण्याची गोष्ट नाही. तबेल्याबद्दल प्रश्न ९ पाहा.

२. अकरा जिल्हे आहेत. शोध कुठून सुरू करू?

माझा पहिला कौल नागपूरच्या पश्चिमेला, काटोल, कोंढाळी, कारंजा (घाडगे), आर्वी या पट्ट्याला. चढउताराची मुरमाड जमीन, पावसाचं पाणी न साचता वाहून जातं, आणि हा मुलूख पूर्वीपासून जनावरांचा. गवळाऊ गाय वर्धा जिल्ह्याच्या याच भागातली. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय दीड-दोन तासांच्या आत येतं. अडचणी दोन: नागपूरकडे सरकावं तसे भाव चढतात, आणि बोर व्याघ्र प्रकल्पाच्या आसपास प्रश्न १२ लागू होतो.

दुसरी पसंती बुलढाणा शहराचा परिसर. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर, सहाशे मीटरच्या वर असल्यानं उन्हाळ्यातल्या रात्री खालच्या मलकापूर-शेगावपेक्षा सुसह्य असतात. पाऊस मात्र बेताचा. तिथली विहीर दिवाळीत बघून भुलू नका, एप्रिलच्या शेवटी बघा.

अकोल्याच्या दक्षिणेला पातूर, बार्शीटाकळी हा डोंगरउताराचा भाग अनेकांच्या यादीत नसतो, पण असायला हवा. अकोला शहरात स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था आहे, आणि हा भाग खारपाणपट्ट्याच्या, म्हणजे खाऱ्या भूजलाच्या पट्ट्याच्या, बाहेर आहे (प्रश्न ५). यवतमाळ जिल्ह्यात टेकाडाची चांगली जमीन मिळते, मात्र दक्षिणेकडे पाण्याची भानगड आहे (प्रश्न ५).

वरूड-मोर्शीचं नाव संत्र्यामुळे लोक घेतात. तिथे संत्र्यासाठीच जमिनीखालचं पाणी इतकं उपसलं गेलं आहे की नव्या बोअरचा भरवसा धरू नये. भंडारा-गोंदियात धानाच्या बांध्यांत चार महिने पाणी उभं असतं, म्हणजे ओले खूर आणि माश्या. चंद्रपूरला ऊन, कोळसा आणि वाघ, तिन्ही एका जागी.

३. काळी कसदार जमीन मिळते आहे. घ्यावी ना?

कापसासाठी घ्या, घोड्यासाठी नको. काळी माती पावसात गुडघाभर रुतते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. चिखलात खुराच्या तळव्याची बाहुली (मधला मऊ त्रिकोणी भाग) सडते, भेगांत पाय मुरगळतो. गावात ज्याला बरड म्हणून नाक मुरडतात ते मुरमाड, उताराचं, थोडं उंचावरचं वावर घोड्याला हवं असतं. शिवाय ते स्वस्त पडतं. दलाल तुम्हाला ते दाखवणारच नाही, तुम्हीच मागा. पाण्याला मात्र जमिनीसारखी सूट नाही. जमीन हलकी चालेल, पाणी गोडच हवं.

बघायला जुलै-ऑगस्टच्या झडीत जा. पांदण रस्त्यानं गाडी वावरापर्यंत पोचते का, हे त्या दिवसांतच कळतं. घोड्याचं पोट दुखत असताना डॉक्टरची गाडी पांदणीच्या तोंडाशी अडकली, तर बाकी सगळं चांगलं असून उपयोग काय?

४. दोन घोड्यांना किती जागा लागते?

फिरायला आणि उभं राहायला एक एकर मोकळी, टणक जागा पुरते. चारा विकतच घेणार असाल तर तेवढ्यात भागतं. स्वतः गवत राखायचं असेल तर चार-पाच एकर धरा, पण हिशोब नीट समजून घ्या. इथलं कोरडवाहू गवत जुलैत उठतं आणि दिवाळीनंतर वाळतं. म्हणजे हिरवी चराई फार तर चार महिने, पुढचे आठ महिने साठवणीवर. चारशे किलोच्या घोड्याला दिवसाला साधारण आठ किलो वाळला चारा लागतो. वर्षाचे तीस क्विंटल झाले, एका घोड्याचे. तेवढी कोरडी, वाळवीपासून वाचलेली जागा आधी बांधा.

एकटा घोडा ठेवण्याचा विचारही सोडा. तो कळपाचा प्राणी आहे. दुसरा घोडा परवडत नसेल तर निदान शिंगरू, खेचर किंवा गाढव सोबतीला हवं.

५. पाण्याचं काय बघायचं? बोअरला पाणी आहे एवढं पुरेसं नाही का?

नाही. एक घोडा थंडीत पंचवीस लिटर आणि उन्हाळ्यात वाळल्या चाऱ्यावर पन्नास-साठ लिटरपर्यंत पितो, पण खरा प्रश्न चवीचा आणि त्यात विरघळलेल्या गोष्टींचा आहे.

पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा नकाशावर कुणी रंगवून देत नाही. तिथलं भूजल खारट आहे, खोल गेलं तर आणखी खारट. खारं पाणी घोडा नाखुशीनं, कमी पितो. कमी प्यायला की वाळला चारा आतड्यात अडकतो, आणि त्याचं नाव पोटशूळ. गावात नळयोजनेचं गोड पाणी असेल तर ते आठवड्यातून किती वेळा येतं ते बायकांना विचारा. पुरुष ‘येते ना’ म्हणतात, वेळापत्रक बायकांना माहीत असतं.

दुसरी गोष्ट फ्लोराइड. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेकडील पांढरकवडा भागात आणि चंद्रपूरच्या काही तालुक्यांत ते भूजलात जास्त आढळतं. माणसाच्या पिण्याच्या पाण्याला लिटरमागे दीड मिलिग्रॅम ही वरची मर्यादा आहे. वर्षानुवर्षं जास्त फ्लोराइड पोटात गेलं तर जनावराचे दात आणि हाडंही बिघडतात. इसार देण्याआधी नमुना बाटलीत भरा आणि जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्या. चाचणीचा खर्च जमिनीच्या किमतीपुढे काहीच नाही, तरी दहातले नऊ जण ती करत नाहीत.

६. आमच्याकडे सातबारा नाही. शेतजमीन घेता येईल का?

थेट नाही. पुण्याकडचे लोक १९४८ च्या कूळ कायद्याचं कलम ६३ सांगतात, पण विदर्भाला वेगळा कायदा आहे: महाराष्ट्र कूळवहिवाट व शेतजमीन (विदर्भ विभाग) अधिनियम, १९५८. त्याच्या कलम ८९ मुळे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. आजोबांचं, आईचं, कुणाचंही महाराष्ट्रातलं खातं असेल आणि वारसानं तुमचं नाव लागत असेल, तर आधी तो फेरफार करून घ्या. ते नसेल तर अकृषिक भूखंड किंवा मक्त्यानं, म्हणजे भाड्यानं, जमीन (प्रश्न १४) हे सरळ मार्ग. कुणा ओळखीच्या शेतकऱ्याच्या नावावर घेऊन ठेवण्याचा सल्ला हमखास मिळेल. तो ऐकू नका.

७. सातबारा आहे, खरेदी होऊ शकते. मग अडतं कुठे?

भोगवटादार वर्ग आणि ‘इतर अधिकार’ या दोन रकान्यांत. वर्ग २ ची जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही. विकणारा आदिवासी खातेदार असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ३६-अ लागू होतं: बिगर-आदिवासीच्या नावे विक्रीच काय, गहाण किंवा भाडेपट्टाही जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय होत नाही. धारणी, चिखलदरा, गडचिरोली आणि यवतमाळ-चंद्रपूरच्या काही भागांत हा प्रश्न पावलापावलाला येतो. ‘स्टँप पेपरवर करून देतो’ म्हणणाऱ्यापासून लांब राहा. तो करार टिकत नाही, आणि टिकूही नये.

पूर्व विदर्भाची खास गोम म्हणजे झुडपी जंगल. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत महसूल दप्तरात अशी नोंद असलेल्या जमिनी आहेत. दिसायला ओसाड माळ, घोड्याला अगदी हवी तशी. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या वनजमिनीच धरल्या. तिथे तबेला उभा राहणार नाही.

८. गावाच्या चराईवर घोडे सोडले तर चालतात का?

गावच्या चराईच्या जमिनीला अमरावती विभागात ई-क्लास म्हणतात. पूर्वेकडे चराई, सरपण, वाटा यांचे हक्क निस्तार पत्रकात लिहिलेले असतात. कायद्यानं मोफत चराईचा हक्क त्या गावच्या जनावरांना आहे, बाहेरच्यांना नाही. तुम्ही गावात राहायला आलात म्हणजे हक्क मागता येईल, पण पहिल्याच वर्षी मागू नका. काठेवाडी गुरं आणि मेंढरांचे कळप दरवर्षी येतात, त्यावरून आधीच कुरबुर असते. त्यात शहरातल्या माणसाचे घोडे दिसले की तुमच्या नावानं ग्रामसभेत विषय निघालाच.

उलंगवाडी झाल्यावर, कापूस संपून वावरं मोकळी झाली की गुरं सगळीकडे चरतात. घोडा तिथेही सोडू नका. फवारणीचे रिकामे डबे धुऱ्यावर (बांधावर) पडलेले असतात. धुऱ्यावरच घाणेरी, एरंड आणि कण्हेरही असते, आणि भुकेला घोडा निवडून खात नाही.

९. तबेला कसा बांधावा? टिनाचा चालेल?

टिन उघडं ठेवलं तर दुपारी आतलं जनावर भाजून निघतं. कवेलू (कौलं) मिळाले तर उत्तम, नाही तर टिनावर तुराट्या किंवा गवताचा जाड थर, पण ठिणगी जवळ येणार नाही अशी जागा बघून. लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, छप्पर बारा फुटांच्या खाली नको, भिंती छातीइतक्याच आणि वर मोकळं. एका घोड्याला बारा बाय बारा फूट. कूलर एप्रिल-मेमध्ये कामाचा आहे. पाऊस सुरू झाला की बंद करा, बंद जागेत तो फक्त दमटपणा वाढवतो.

१०. दुधाच्या जनावरांचा चारा गावात भरपूर आहे. घोड्याला तोच दिला तर?

या एका गैरसमजानं जितके घोडे आजारी पडतात तितके उन्हानं पडत नाहीत. गाय रवंथ करते, घोडा करत नाही. तिला पचतं ते याला पचेलच असं नाही.

सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) धुळकट आणि टणक काडीचं असतं, खोकला आणि पोटशूळ दोन्ही देतं. तुरीचं, हरभऱ्याचं कुटार थोडं चालतं, तेही चाळून आणि पाणी भरपूर असेल तर. भंडाऱ्याकडची धानाची तणस पोट भरते, पोसत नाही. ज्वारीचा वाळला, बुरशी नसलेला कडबा चालतो. कोवळी किंवा पावसाच्या ताणात खुरटलेली हिरवी ज्वारी मात्र कधीही नाही, तिच्यात विष तयार होतं.

नेपियरचा सल्ला प्रत्येक जण देईल, कारण दुग्धव्यवसायात ते सोन्यासारखं आहे. पण त्यात ऑक्झॅलेट जास्त. ते चाऱ्यातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. गाईच्या पोटातले जंतू त्याचा निकाल लावतात, घोड्याच्या बाबतीत ते होत नाही. महिनोन्महिने केवळ नेपियर आणि गव्हाचा चोकर (कोंडा) दिला तर घोड्याच्या जबड्याची हाडं फुगतात, चाल बिघडते. नेपियर द्यायचंच तर चाऱ्याचा छोटा भाग म्हणून, सोबत लसूणघास. माझी पसंती साध्या मारवेल गवताला आहे. फुलोऱ्यात कापून सावलीत वाळवा. कुसळी गवत कुसळं धरायच्या आत कापायचं, नंतर ती तोंडात रुततात.

कोंबड्यांचं किंवा दुभत्या जनावरांचं तयार खाद्य घोड्याच्या तोंडाला लागू देऊ नका. त्यात मोनेन्सिन नावाचं औषध असू शकतं आणि घोड्याला ते थोडंही जीवघेणं ठरतं. पोती वेगळ्या खोलीत, कडी लावून.

११. डॉक्टर आणि नालबंद गावात मिळतात का?

सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना बहुतेक ठिकाणी आवाक्यात असतो, आणि १९६२ या क्रमांकावर फिरतं पथकही बोलावता येतं. पण त्यांचा रोजचा रुग्ण गाय-म्हैस-बकरी. घोड्याच्या पोटात नळी घालण्याचा सराव असलेला डॉक्टर कुठे आहे, हे जागा ठरवण्याआधी शोधा. नागपूर आणि अकोला हे दोन आधार धरून त्यांच्यापासून दोन तासांचं वर्तुळ काढा, त्याच्या बाहेर जाऊ नका. प्रश्न २ मधला क्रम बराचसा यावरूनच आला आहे.

नालबंदाचं दुखणं त्याहून मोठं. गावातला नालबंद बैलाला पत्री मारतो. बैलाचा खूर दुभंगलेला, घोड्याचा अखंड, त्यामुळे त्याच्या हाती घोडा देऊ नका. मुरमाड जमिनीवर हलकं काम असेल तर बरेच घोडे नालेशिवाय राहतात. दर सहा ते आठ आठवड्यांनी खूर कापायला जाणकार बाहेरून बोलवा आणि कानशीनं कडा घासणं स्वतः शिका.

१२. वाघ-बिबट्याची भीती किती खरी?

ताडोबा, पेंच, मेळघाट, बोर, नवेगाव-नागझिरा, टिपेश्वर, उमरेड-कऱ्हांडला: नकाशावर यांच्या मधल्या वाटाही धरल्या तर फार थोडा विदर्भ उरतो. वाघापेक्षा बिबट्याचा संबंध जास्त येतो आणि त्याचं लक्ष शिंगरावर असतं. रात्री शिंगरू चारी बाजूंनी जाळीबंद जागेत हवं. जनावर मारलं गेलं तर ते न हलवता ४८ तासांच्या आत वनविभागाला कळवायचं. भरपाईचे दर गाय-बैल डोळ्यांसमोर ठेवून ठरलेले आहेत, त्यातून चांगल्या घोड्याची किंमत निघत नाही.

पण मला बिबट्यापेक्षा शेजारच्या कुंपणाची भीती जास्त वाटते. रोही (नीलगाय) आणि रानडुकरं पिकात शिरतात म्हणून काही जण तारेत थेट विजेचा प्रवाह सोडतात. ते बेकायदा आहे, तरी होतं. सौरऊर्जेची झटका मशीन वेगळी, तिचा धक्का जनावर पळवतो, मारत नाही. चारही धुरकऱ्यांना, म्हणजे धुऱ्याला लागून असलेल्या शेजाऱ्यांना, भेटून कुणी काय लावलंय ते विचारा. स्वतःच्या कुंपणाला काटेरी तार नको, बिथरलेला घोडा तिच्यात शिरून स्वतःला फाडून घेतो.

१३. इथे घोड्याला कोणते आजार होतात?

पावसाळ्यात आणि नंतर गोमाश्यांमुळे सर्रा होतो. ताप येतो-जातो, पाय सुजतात, खात असूनही घोडा झडतो. धान आणि तलावांच्या भागात गोमाश्या जास्त. धनुर्वाताची लस चुकवायची नाही. ग्लँडर्स मात्र वेगळं प्रकरण आहे. तो माणसालाही होतो, कायद्यानं कळवणं बंधनकारक आहे आणि रक्ततपासणीत पक्का निघालेला घोडा मारावा लागतो. म्हणून वरातीचे किंवा मेंढपाळांचे घोडे तुमच्या हौदावर पाणी प्यायला येऊ देऊ नका. बादली स्वतंत्र द्या, कुणाला राग येत नाही.

१४. आधी भाड्यानं राहून बघावं का? आणि घोडे कधी आणावेत?

हो, एक पावसाळा आणि एक उन्हाळा तरी. मक्त्याचे तोंडी व्यवहार गुढीपाडव्याच्या सुमारास ठरतात, सालदार, म्हणजे वर्षाचे गडीही, तेव्हाच ठरतात. लेखी पट्टा म्हटलं की मालक बिचकतो, कारण कूळ लागण्याची भीती. वर्षाच्या मुदतीचा कागद वकिलाकडून करून घ्या, दोघांचीही झोप शाबूत राहते.

घोडे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत आणा. प्रवासासाठी पशुवैद्यकाचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र लागतं. मुंबईकडून समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून पूर्ण खुला आहे, ७०१ किलोमीटर. रस्ता गुळगुळीत म्हणून सलग हाणू नका, दर तीन-चार तासांनी पाणी दाखवा.

१५. चिखलदऱ्याला थंड असतं. तिथेच का नको?

सगळ्यांना सुचणारी आणि बहुतेकांनी सोडून द्यावी अशी जागा. अकराशे मीटरची उंची, उन्हाळा सुखाचा, हे खरंच. पण पावसाळ्यात धुकं आणि संततधार, वाळला चारा बुरशी धरतो. भोवती मेळघाट. जमिनीचा मोठा भाग आदिवासींचा किंवा वनखात्याचा. आणि घोड्याच्या डॉक्टरसाठी घाट उतरून जायचं. एप्रिल-मे पुरते घोडे वर नेणं, हे जमण्यासारखं आहे.

१६. वडिलोपार्जित धानाची जमीन आहे, ती सोडवत नाही. तिथे काहीच होणार नाही?

होईल. बांध्या धानालाच राहू द्या. वावरातला सगळ्यात उंच कोपरा निवडून तिथे मुरमाची दीड-दोन फूट भर घाला आणि घोडे पावसाळाभर तिथेच ठेवा. गवत मोठ्या प्रमाणावर विकत घ्यावं लागेल, तणशीवर वर्ष काढू नका. खारपाणपट्ट्यातल्यांसाठीही असाच तोडगा: छतावरचं पावसाचं पाणी झाकलेल्या टाक्यात साठवा, बोअरचं फक्त धुण्याला.

१७. घोड्यांवरून चार पैसे मिळतील का? गावात लग्नासाठीही मागतात.

शेतघर, चारा आणि जनावरांचा निवारा हा शेतीचाच भाग धरला जातो. पैसे घेऊन पर्यटकांना रपेट देऊ लागलात की तो धंदा झाला, आणि जमिनीच्या अकृषिक वापराचा प्रश्न येतो. आधी तलाठ्याशी, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांशी बोला.

वरातीला घोडा देणं वेगळं. डीजे, फटाके, पाठीवर कधी घोड्यावर न बसलेला नवरदेव: याची सवय लहानपणापासून लावलेलेच घोडे ते सोसतात. तुमचा बिथरला तर जखमी होणारं पोर गावातलंच असेल. एकालाही देऊ नका. एकाला दिला आणि दुसऱ्याला नाकारला की वैर येतं. लग्नात आहेर भरघोस करा. पोळ्याला तोरणाखाली बैलजोड्यांच्या रांगेतही घोडा उभा करू नका, तो दिवस बैलांचा. दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल घेऊन दारी येतील. तेव्हा घोडा कुंपणाच्या आत ठेवा आणि हात लावू द्या, एकेकाला.